वकीलबाईंची फी

त्या वर्षी पाणी इतकं खोल गेलं की माणूस विहिरीत बादली सोडायचा, घरी जाऊन जेवून यायचा, आणि मग कुठे तळाशी टपकन आवाज यायचा. सांगणारे जरा ताणून सांगतात. पण सगळ्यांचे दोर अपुरे पडत होते, एवढं खरं. जुन्या दोराला गाठ मारून दुसरा जोडला, त्याला बैलाचा कासरा जोडला, कासऱ्याला कपडे वाळत घालायची दोरी जोडली, तरी बादली पाण्याच्या हातभर वर लोंबकळत राहायची आणि खालचं पाणी तिच्याकडे बघत राहायचं.

अशा वर्षी दोर वळणाऱ्याच्या घरातून सोन्याचा धूर निघायला हवा. पण दोरवाल्याचं चाक बंद होतं. चाक फिरवणारी त्याची बायको भावाकडे जाऊन राहिली होती, आणि तिनं घटस्फोटाचा दावा लावला होता.

दोराचं काम एकट्याचं नाही. एकानं छपराखाली एका टोकाला बसून चाक फिरवायचं. दुसऱ्यानं कमरेला वाख, म्हणजे घायपाताचे धागे, गुंडाळायचा, टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं आणि बोटांतून वाख सोडत मागे मागे चालत जायचं. छप्पर लांबच लांब. चालणारा दुसऱ्या टोकाला पोचला की माणूस आहे की खांब, ते ओळखू येत नाही. चाक करकरतं, हाक ऐकू जात नाही. म्हणून दोरवाला बायकोशी पेडातूनच बोलायचा. एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे जोरात. लांब ओढ म्हणजे उलटं फिरव.

इथवर ठीक होतं. पण ही भाषा हळूहळू घरात आली. जेवताना तो तिची बाही ओढायचा. एकदा ओढली की पाणी, दोनदा ओढली की मीठ. झोपताना दिवा मालवायचा असला की लांब ओढ. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे भांडण कसं ते नाहीच बाई, आवाजच येत नाही कधी." खरंच येत नव्हता. तिच्या सगळ्या झंपरांची उजवी बाही तेवढी खांद्यात उसवलेली असायची.

"मारतो का?" वकीलबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"नाही."

"पितो?"

"कधीतरी. पिऊन झोपतो."

"दुसरी कुणी?"

"त्याला कोण बघतंय."

वकीलबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाई जाडजूड, पायाला कायम सूज, टेबलाखाली एक उलटी बादली ठेवून तिच्यावर पाय टेकवून बसायच्या. "अहो, मग दाव्यात लिहू काय? काहीतरी कारण द्या की."

तिनं उजवा हात पुढे केला आणि बाही दाखवली. वकीलबाई बराच वेळ उसवलेल्या शिवणीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघते कसं बसवायचं ते. पण एक आधीच सांगते, मी धर्मादाय दवाखाना उघडलेला नाही. तुमच्याकडे काही आहे?"

"नाही."

"मग नवऱ्याकडून मागू. बायकोला कमाई नसली आणि नवऱ्याला असली, तर तिच्या वकिलाची फी त्यानं द्यायची, असा हुकूम कोर्ट करू शकतं. फी आली की मी उभी राहते. नाही आली, तर माझे पाय बघताय ना? उगाच उभं राहवत नाही मला."

ती बघत होती. पाय खरोखरच सुजलेले होते.

दोरवाल्याच्या वकिलाला सगळे छत्रीवकील म्हणत. पाऊस नाही, ढग नाही, आणि याच्या काखेत बारा महिने छत्री. लोक आशेनं आधी त्याच्याकडे आणि मग आभाळाकडे बघत. त्यानं अशिलाला बजावून ठेवलं होतं, "कोर्टात रडका चेहरा करायचा. धंदा बसलाय म्हणायचं. दोघं मिळून जेमतेम पोटापुरतं कमावतो म्हणायचं. दोघं मिळून, कळलं?"

"कळलं," दोरवाला म्हणाला.

पण कोर्टात न्यायाधीशसाहेबांनी साधाच प्रश्न विचारला, "या धंद्यात तुमच्या बायकोचा हात किती?" आणि दोरवाल्याच्या अंगात त्याचा बाप, आजा आणि पणजा असे तिघेही एकदम संचारले. तो ताठ झाला.

"हात माझा, साहेब. वाख माझा, पीळ माझा. पंचक्रोशीत माझ्यासारखा दोर कुणी वळून दाखवावा. ती नुसतं चाक फिरवते. ते काय, बैलसुद्धा फिरवील."

छत्रीवकिलानं खाली बघितलं आणि छत्रीचं टोक फरशीत रुतवलं.

"म्हणजे सगळी कमाई तुमची एकट्याची?"

"एकट्याची."

"बायकोचं त्यात काही नाही?"

"काडीचंही नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. बायकोला कमाई नाही, नवऱ्याला आहे, सबब बायकोच्या वकिलाची फी नवऱ्यानं भरावी. दोरवाला अजून ताठच उभा होता. आपण जिंकलो की हरलो, ते त्याच्या लक्षात यायला बाहेरच्या पायऱ्या उतराव्या लागल्या.

ती मागच्या बाकावर बसली होती. बैल हा शब्द तिनं ऐकला. वाईट वाटेल म्हणून ती थोडा वेळ थांबली. काही वाटलं नाही. हाताला घट्टे पडले की निखारा उचलला तरी कळत नाही, तसं कुठेतरी आत झालं होतं.

भाऊ गवंडी होता. पाणी नाही तर बांधकाम नाही, म्हणून तोही दिवसभर बाजेवर पडून वाशे मोजायचा. भावजय वाईट नव्हती. पण घरातलं पाणी तिच्या ताब्यात होतं आणि पाणी ताब्यात असलं की चांगल्या माणसाचाही आवाज बदलतो.

"वन्सं, तांब्याभरात भागवा हं आंघोळीचं."

"भागवते."

"काल पाय धुतलेत वाटतं?"

"धुतले."

"दोन्ही?" भावजय म्हणायची आणि मग स्वतःच हसायची. दोघी हसत. पण दुसऱ्या दिवशी ती एकच पाय धुवायची, दुसरा ओल्या फडक्यानं पुसायची.

फी काही आली नाही. दोरवाल्याकडे रोकड नव्हती, आणि चाक बंद असल्यावर येणार कुठून? वकीलबाई म्हणाल्या, "जप्ती आणू. चाक आहे, आकडे आहेत, छपराचे पत्रे आहेत. विकू."

"चाक विकू नका."

"का? जीव अडकलाय?"

"त्याचं सरपणाइतकंही येणार नाही. फिरलं तर मात्र फी निघेल."

"मग त्याला म्हणावं फिरव!"

त्याचीच तर खटपट चालली होती. आता भर कोर्टात बोलून बसला होता, तेव्हा त्यानं खरंच बैल आणला. तेल्याचा म्हातारा बैल, जन्मभर घाण्याला फिरलेला, डोळ्यांवर झापड बांधलेली. चाकाला आडवं लाकूड बांधून बैल जुंपला, कमरेला वाख गुंडाळला आणि दोरवाला मागे चालत निघाला. सुरुवात झकास झाली. गावातली रिकामी माणसं बघायला जमली होती, ती माना डोलवू लागली. छपराच्या टोकाला पोचल्यावर त्यानं झटका दिला. बैलाला झटक्याचं काय? त्यानं दुसरा दिला. बैल फिरतोच आहे. लांब ओढ दिली. बैल आणखी खुशीत. पेडाला पीळ चढला, चढला, चढला, मग पेड अंगावर आलेल्या सापासारखा वळवळला, त्याची वेटोळी झाली, वेटोळ्यांची गाठ झाली, गाठीचा भोपळा झाला आणि तो भोपळा दोरवाल्याला कमरेनं ओढत चाकाकडे निघाला. लोकांनी बैल धरला तेव्हा दोरवाला चाकापासून चार पावलांवर पालथा पडलेला होता. कुणी म्हणतं चार, कुणी म्हणतं बैलाच्या पोटाखाली.

भावानं बाजेवरून उठून हे सगळं साभिनय करून दाखवलं. भावजय पोट धरून हसली. तिनंही ऐकलं. हसू यायला हवं होतं. तिनं तोंडही तसं केलं, पण ते आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाची कडी वाजली. एकदा. मग दोनदा. ती बाहेर आली. दोरवाला उभा होता. हनुवटी खरचटलेली, कमरेला काळानिळा पट्टा, सदऱ्याखालून दिसत होता. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि परत कडी ओढली.

"तोंडानं सांगा," ती म्हणाली.

त्याचे ओठ हलले. आवाज यायला वेळ लागला. "चाक थांबलंय."

"ऐकलं."

"मागणी फार आहे. लांब दोर. मिळेल त्या भावानं नेतील."

"मग?"

"तुझ्या त्या बाईची फी..." तो थांबला. "तीही यातूनच निघेल."

म्हणजे असं झालं होतं, की त्याच्यापासून सुटायचं तर वकीलबाई उभ्या राहायला हव्यात, वकीलबाईंना उभं राहायला फी हवी, फीला दोर हवेत आणि दोराला तो नि ती दोघंही हवीत. भाऊ म्हणाला, "जाऊ नकोस, लोक काय म्हणतील?" भावजय म्हणाली, "जाऊ दे की. तिकडे आंघोळ तरी होईल पुरती."

"येते," ती म्हणाली. "राहायला नाही. सकाळी येईन, ऊन उतरलं की जाईन. आणि झटका द्यायचा नाही. काय हवं ते बोलून सांगायचं."

"एवढ्या लांबून ऐकू येत नाही."

"मग ओरडा."

आणि तो ओरडू लागला. बाप, आजा, पणजा, कुणीही ज्या छपरात कधी तोंड उघडलं नव्हतं, तिथं दिवसभर "थांब" आणि "जोरात" आणि "उलटं फिरव" असं चाललेलं असायचं. पहिल्या दिवशी छपरातली कबुतरं उठून गेली. पुढे त्याचा घसा बसला. मग तो चालत चालत अर्ध्यावर यायचा, घोगऱ्या आवाजात "जरा जोरात" असं सांगायचा आणि परत टोकाला जायचा. दोर त्यामुळे सावकाश होत होता. पण होत होता.

ती चाकाशी बसायची. उकडायचं. पत्रे तापून टकटक वाजायचे. वाखाची कुसळं नाकात जायची, पापण्यांवर बसायची. डावा पाय लाकडाला टेकवायचा, उजव्या हातानं दांडा फिरवायचा, हात दुखला की डाव्यानं. तीन पेड वळून झाले की ते एकत्र आणायचे, तेव्हा चाक सोडून तिला उठावं लागायचं आणि खाचा पाडलेला ठोकळा पेडांमध्ये धरून पुढे सरकवावा लागायचा. त्या कामाला दोघं समोरासमोर यायची. मध्ये तीन पेड थरथरत असायचे. तो तिच्या हातांकडे बघायचा, ती त्याच्या हातांकडे.

"हनुवटीला हळद लावा," एकदा ती म्हणाली.

"लावली."

"दिसत नाहीये."

"पुसली."

बाकी बोलण्यासारखं काही नसायचं. दुपारी ती आपल्या भाकरीचं फडकं सोडून खांबाच्या अलीकडे बसायची, तो पलीकडे. पाणी प्यायचं असलं की तो म्हणायचा, "पाणी." नुसता शब्द. तांब्या ती सरकवायची. जन्मात पहिल्यांदा नवऱ्यानं तोंडानं पाणी मागितलं होतं. यासाठीच तर घर सोडलं, आता बरं वाटायला हवं, असं तिनं मनाशी म्हणून पाहिलं. हात दांड्यावर गेले आणि फिरू लागले.

दोर विकले गेले. छपराबाहेर लोक ओळीनं उभे राहून नेत होते. पैसे दोरवाला घ्यायचा, कमरेच्या पिशवीत टाकायचा. फीचा पहिला निम्मा भाग त्यानं वकीलबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. वकीलबाईंनी पावती दिली आणि पाय बादलीवरून खाली घेतले.

तेवढ्यात छत्रीवकिलाच्या घरच्या विहिरीचा दोर तोकडा पडला. तो स्वतः छपराशी आला. उन्हात छत्री उघडली होती, म्हणजे तिचा काहीतरी उपयोग झाला. आत वाकून बघतो तर चाकाशी समोरच्या पक्षकार बाई, घामानं निथळत. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की छत्रीची गरज उरली नाही.

"अरे वा," तो अशिलाच्या कानाशी म्हणाला. "हे आधी का नाही सांगितलंस? ही कमावते की!"

त्यानं अर्ज टाकला. बायको धंद्यात बरोबरीनं राबते, कमाईत तिचा निम्मा वाटा आहे, सबब तिची फी नवऱ्यानं द्यायचा हुकूम रद्द करावा आणि दिलेलीही परत मिळावी.

वकीलबाईंनी तिला बोलावून घेतलं. "आता नीट ऐका. उद्या तुम्हाला विचारतील. सांगायचं, चार दिवस मदतीला गेले होते, माणुसकी म्हणून. काम मला येत नाही, सगळं तोच करतो. त्यानं स्वतःच आधी तसं सांगितलंय, ते लिहिलेलं आहे. एवढं सांगितलंत की हुकूम कायम."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर फी बंद. घेतलेली मला परत करावी लागेल. मग मी उभी राहणार नाही, तुमच्या बाजूनं कुणी बोलणार नाही, आणि दावा निघाला निकालात. तुम्ही परत त्याच्या घरात." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "एक वाक्य आहे, बाई. चाकाचं काम मला येत नाही. म्हणा बघू."

"चाकाचं काम मला येत नाही," ती म्हणाली.

"छान. असंच उद्या."

रस्त्यानं चालताना तिनं ते वाक्य मनात घोळवलं. सोपं होतं. अडखळायला कुठे जागा नव्हती.

कोर्टात आधी दोरवाला उभा राहिला. घसा अजून बसलेलाच होता.

"मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, काम सगळं माझं," साहेब म्हणाले. "बैलसुद्धा चाक फिरवील म्हणालात."

मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. बैलाची गोष्ट इथवर आलेली होती.

"चुकलं, साहेब."

"मग खरं काय?"

"निम्मं काम तिचं आहे." तो छत्रीवकिलाकडे बघत पाठ केल्यासारखा म्हणत होता. मग हनुवटीवर हात गेला आणि पाठ केलेलं विसरला बहुतेक. "तिच्याशिवाय दोर होत नाही. मी करून बघितलं."

लग्न झाल्यापासून जे वाक्य ऐकायला ती कुठेही गेली असती, ते त्यानं असं भर कोर्टात उच्चारलं, फी वाचवण्यासाठी. ती पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. कठड्याचं लाकूड गुळगुळीत झालेलं होतं. किती लोकांनी धरलं असेल, असा एक विचार आला.

"बाई, चाक तुम्ही फिरवता?" छत्रीवकिलानं विचारलं.

वकीलबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ वाक्याच्या सुरुवातीच्या आकारात तयार होते.

 वाक्य तिच्या तोंडात होतं. त्या वाक्याच्या पलीकडे वकीलबाई होत्या, दावा होता, सुटका होती. अलीकडे फक्त तिचे दोन हात होते. ते कठड्यावर होते आणि सगळ्यांना दिसत होते.

"फिरवते," ती म्हणाली. "लग्न करून आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

वकीलबाईंनी डोळे मिटले. छत्रीवकिलानं मान तुकवली. "म्हणजे निम्मी कमाई तुमची. मान्य?"

"काम निम्मं आहे. कमाई मी कधी बघितली नाही."

"म्हणजे?"

"दोर विकला की पैसे ते घेतात. मी पुढचा पेड लावते."

साहेब लिहिता लिहिता थांबले. दोरवाल्याकडे वळले. "या हंगामातली कमाई कुठे आहे?"

दोरवाल्यानं छत्रीवकिलाकडे बघितलं. छत्रीवकील छताकडे बघत होता. "माझ्याकडे."

"सगळी?"

"सगळी."

"आणि निम्मी हिची, असं तुमचा अर्जच म्हणतो."

"म्हणतो," दोरवाला म्हणाला.

पुढे फार वेळ लागला नाही. आधीचा हुकूम रद्द. दोघंही कमावती, सबब आपापल्या वकिलाची फी ज्याची त्यानं द्यायची. पण बायकोचा निम्मा वाटा नवऱ्याकडे पडून आहे, तो त्यानं कोर्टात भरायचा, आधी टेबलावर ठेवलेले पैसे त्यातच धरायचे, आणि बायकोच्या वकिलाची फी त्या वाट्यातून जायची. घटस्फोटाच्या सुनावणीला पुढची तारीख.

पैसे त्याच पिशवीतून निघणार होते, त्याच टेबलावर जाणार होते. फरक एवढाच झाला होता, की ते आता तिचे होते, आणि गेल्यावर तिच्याकडे जवळपास काहीच उरणार नव्हतं.

"एक वाक्य होतं, बाई," वकीलबाई पायऱ्या उतरताना म्हणाल्या. कठडा धरून एक एक पाऊल टाकत होत्या. "त्याच्या खिशातून गेली असती फी. तुम्हाला पदरचं घालावं लागलं नसतं."

"तुम्ही उभ्या राहाल ना?"

"राहीन. फी ती फी. कुणाची का असेना."

ती घरी पोचली तेव्हा भावजय सुपात धान्य पाखडत होती. भाऊ बाजेवर होता.

"काय झालं हो वन्सं?"

"फी माझी मीच द्यायची."

सूप थांबलं. "म्हणजे हरलात."

"निम्मं काम माझं, असं साहेबांनी लिहून घेतलं."

"अगं बाई!" भावजय म्हणाली, आणि सूप पुन्हा चालू झालं. "एवढ्यासाठी कोर्ट लागलं? ते कुणाला माहीत नव्हतं?"

ती उंबऱ्यावर टेकली. खरंच कुणाला माहीत नव्हतं, ते आठवू लागली. विहिरीवरच्या बायका, तेली, शेजारीण, छपराबाहेर दोर न्यायला येणारे लोक. ज्याला माहीत नव्हतं, असा एकही माणूस सापडेना.

"तुला माहीत होतं?"

"मला? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून."

"बोलली नाहीस कधी."

"कुणी विचारलं?" भावजय म्हणाली. तिनं खडा वेचून बाजूला टाकला. "हात धुवा. भाकरी झाकून ठेवलीय."

ती उठली आणि आत गेली. भूक लागली आहे की नाही, ते कळत नव्हतं. तिनं भाकरी काढून घेतली आणि खायला लागली.